पोकलेनवरचा हार

कुंडलिका नदीतला गाळ काढायला पोकलेन मशीन कारखानदारांनी दिलं होतं, डिझेल व्यापाऱ्यांचं, टिपर नगरपालिकेचे. मशीन चालवणारा ऑपरेटर मात्र एकटाच. मी रोज सकाळी श्रमदानाला जायचो, तेवढीच ओळख. त्याचं प्रत्येक बोलणं ‘बराबर?’वर संपायचं आणि उत्तराची वाट तो कधी पाहायचा नाही.

बकेटच्या दातात कॅरीबॅग अडकली, की तो मशीन थांबवून खाली उतरायचा आणि ती हाताने ओढून काढायचा. एकदा मी म्हणालो, “राहू द्या हो, एका पिशवीनं काय होतंय?”

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “एक एक करूनच आल्त्या सर हितं. बराबर?”

काम संपलं त्या दिवशी पात्रात नितळ पाणी होतं. समारोपाला कारखानदार, व्यापारी, नगरपालिकेचे साहेब, सगळे जमले. त्याने मशीनची पूजा केली, नारळ फोडला. मग दसऱ्यापासून केबिनमध्ये लटकलेले वाळके हार आणि कुंकवाच्या पुड्या एका कॅरीबॅगेत भरल्या, गाठ मारली, पिशवी कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली.

मी म्हणालो, “अहो, हे काय केलंत?”

“देवाचं हाय सर ते. कचऱ्यात कसं टाकावं? बराबर?”

पहिल्यांदाच तो उत्तरासाठी थांबला. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी बूट काढून ठेवले होते. वाहत चाललेल्या पिशवीपुढे सगळा काठ हात जोडून उभा होता. आणि मी खाली पाहिलं, तर माझेही हात जोडलेले होते.