ओस किल्ल्यावरचं पाणी

किल्ला ओस पडला असं लिहिण्याआधी तुम्ही कधी उन्हाळ्यात वर गेला होतात का?

मुरबाडच्या पूर्वेला, आमच्या वाडीच्या डोक्यावर असा एक किल्ला आहे. कोकणातून घाटावर जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला तो बांधला. वर सैन्य राहायचं, म्हणून कातळात पाण्याचं टाकं खोदलं. पुढे गोऱ्या साहेबाने किल्ला घेतला आणि पुन्हा कोणी चढू नये म्हणून पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. इतिहास इथे संपतो म्हणे.

मी शाळेत होते तेव्हा, नव्वदीनंतरच्या वर्षांत, पौषात म्हसा गावची जत्रा उठली की थोड्याच दिवसांत वाडीची विहीर तळाला जायची. मग बायका त्याच तुटक्या पायऱ्यांनी टाक्यावर जायच्या. पायऱ्या नाहीत तिथे एकीखाली एक उभ्या राहून भरलेले हंडे हातोहात खाली द्यायच्या. त्या ओळीत मीही उभी राहिले आहे.

एका रविवारी काकूबरोबर वर पोचले, तर शहरातली चार-पाच पोरं टाक्यात डुंबत होती. काठावर साबणाची वडी.

"काकू, पाणी एकदम गार आहे," एक जण म्हणाला.

"असंल. आमी पितो ते."

पोरं हसली. "किल्ला तर कधीचा ओस पडलाय. इथलं पाणी कोण पितं?"

"ओस हाय? मंग रोज येते ती मी हडळ का रे?"

तेव्हा कुठे पोरं बाहेर आली. पाणी ढवळून निघालं होतं, वर फेस. रिकामे हंडे घेऊन आम्ही उतरलो. काकूने दुसऱ्या वाडीतून हंडाभर पाणी मागून आणलं. मागताना तिची मान खाली होती, ती मी विसरलेले नाही.

काही वर्षांनी पायथ्याशी फलक लागला. काकू म्हणाली, "वाच गो." राजे, वेढे, तह सगळं वाचलं. शेवटची ओळ होती, त्यानंतर किल्ला ओस पडला.

"आमचं नाय लिवलं?"

साहेबाला पायऱ्या उडवायला सुरुंगाची दारू लागली. आमच्या बायकांना उडवायला तुम्हाला एक शब्द पुरला.

आता वर जाल तेव्हा टाक्यात उतरू नका. पाणी भांड्याने घ्या, तोंड लांब जाऊन धुवा. दुसरा कोणी उतरला असेल तर त्याला बाहेर काढा. आणि वाटेत हंडा घेतलेली बाई भेटली, तर आधी तिला जाऊ द्या.