माझ्याच भजनातून मी गायब!

दत्तमहाराजांशी मी साडेतीन महिने अबोला धरला होता. देवाशी अबोला धरण्यात एक मोठी गैरसोय असते. आपण बोलत नाही आहोत हे त्याला कळावं म्हणून रोज त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. मी राहत होतो. उदबत्ती लावायची आणि तोंड फिरवायचं. गुरुवारच्या भजनाला जाणंही बंद केलं होतं. भांडणाचं कारण सांगतो, पण त्याआधी माझी दौलत सांगितली पाहिजे.

शुक्रवार पेठ फक्त पुण्यातच नसते, आमच्या मागांच्या गावातही आहे; तिथल्या आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. तिथे माझा दुसरा संसार आहे. ॲम्प्लिफायर, कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, दर दिवाळीला एक अशी आणलेली एकेक वस्तू. तीस वर्षं मी यंत्रमागाच्या कारखान्यात काढली. दिवसभर मागांचा खडखडाट सोसणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वच्छ आवाजाची किती तहान लागते, ते त्यालाच ठाऊक. पण खोलीतला सर्वांत मोलाचा ऐवज दुकानातून आलेला नव्हता. आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरातल्या भजनाचं वीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग मी स्वतः केलं होतं. टेपरेकॉर्डर चालू करून मी माझ्या जागेवर जाऊन बसलो होतो, कारण त्या भजनात टाळ माझे होते. मृदंग, पेटी, दहाबारा गळे आणि त्या सगळ्यांवर उन्हात चमकणाऱ्या पाण्यासारखे माझे टाळ!

एका सकाळी बऱ्याच वर्षांनी ते रेकॉर्डिंग लावलं आणि टाळ आलेच नाहीत. मृदंग आला, पेटी आली, मागच्या रांगेतला बेसूर गळासुद्धा न चुकता आला. मी तेवढा आलो नाही.

माझ्यासारखा शौकीन अशा वेळी कानावर संशय घेत नाही, वायरीवर घेतो. वायरी बदलल्या. स्पीकर उघडून पुसले. मग पुण्याहून नवे स्पीकर आणले. तरी टाळ नाहीत. शेवटी बारीक आवाज वाढवायचं, ते ट्रेबलचं बटण टोकापर्यंत पिळलं. तशी आमची सौ. दोन्ही कानांवर हात दाबून जिना चढून वर आली.

"अहो, बंद करा ते! कानात दाभण घातल्यासारखं होतंय. टाळ आहेत की भांड्यांचं कपाट पडलंय?"

"तुला टाळ ऐकू येतायत?"

"मला? चौकातल्या पानवाल्याला येत असतील!"

सगळ्या पेठेला ऐकू येत होतो आणि मलाच येत नव्हतो.

डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला. त्यावरची रेघ बरी सरळ चालत आली होती आणि पुढे विहिरीत उडी मारावी तशी खाली गेली होती. मागांच्या आवाजाने बारीक सूर नेले, ते परत येणार नाहीत, म्हणाले. कानाचं यंत्र दिलं. त्याने बोलणं छान ऐकू यायला लागलं. सौ.चे माझ्याबद्दलचे विचार तर फारच स्पष्ट! पण भजन लावलं की सगळी मंडळी पत्र्याच्या डब्यात बसून गातायत असं वाटे, आणि टाळ जरासे कुंईं करून विरून जात. चौथ्या दिवशी यंत्र काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि देवघरापुढे जाऊन म्हटलं, "महाराज, तुमच्याच दारात टाळ वाजवणाऱ्याचे कान नेलेत. आता सेटही न्या!" तिथून अबोला. सेट विकायची जाहिरात मोबाइलवर टाकली.

जाहिरात वाचून अकलूजहून एका बाईंचा फोन आला. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. गुरुवारी दुपारी एसटीने आल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि दोन्ही कानांत कुड्या मिरवाव्यात तशी दोन यंत्रं! मी बघतच राहिलो.

"काय बघताय? भैरी बाई एवढा मोठा सेट घेऊन काय करणार, हेच की न्हाय?"

"छे छे, बाई, तसं नाही..."

"तसंच हाय. लावा की कायतरी. धार काढल्याबिगर म्हैस कोण घेतं का?"

मी मुद्दाम तेच भजन लावलं. सेटला निरोपच द्यायचा तर त्यानेच द्यावा. बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचं बोट गुडघ्यावर पडू लागलं. टाळ मला ऐकू येत नव्हते, पण ठेका पाठ होता; ते बोट नेमकं माझ्या टाळांवर पडत होतं!

"टाळ कुणाचं हायत वो? लई गोड हात हाय."

सौ.नेच माझ्याकडे बोट दाखवलं आणि टाळ हरवल्याची सगळी कथा सांगितली.

"आन् यंत्र कुटं हाय तुमचं?"

"ड्रॉवरमध्ये."

"बरं. मग ड्रॉवरला ऐकू येतंय का आता?"

सौ. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बाई मात्र माझ्याजवळ सरकून बसल्या. "आवं, ह्ये यंत्र बोलणं ऐकायला लावल्यालं असतंय. टाळाचा लांब नाद आला की त्याला वाटतंय आपलीच शिट्टी वाजली. मग ते त्योच नाद दाबून टाकतंय. माझ्या पेटीचं बी असंच चिपाड केलं हुतं. दवाखान्यात सांगा, गाण्यापुरतं येगळं सेटिंग द्या, त्यात शिट्टी दाबायचं बंद ठिवा. मला बी दोन वर्सं कुणी सांगितलं न्हवतं."

साखर जास्त घालून दुसरा चहा घेतला आणि उठल्या. "सेट काय मी न्हेत न्हाय. टाळवाल्याचं घर मोडायचं पाप मला नगं."

दवाखान्यातल्या ताईंनी कॉम्प्युटरवर पाव तासात काम केलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही गाणं ऐकता हे आधी का नाही सांगितलंत?"

खरंच, का नाही सांगितलं? देवाला धमकी दिली, वायरींना शिव्या दिल्या. हात पसरून मागितलं मात्र कुणापाशीच नव्हतं.

घरी आलो. ट्रेबलचं बटण मधोमध आणलं. मृदंग आला, पेटी आली, आणि मग आले! पूर्वीची लखलख नव्हती, जरा तांबूस झाले होते, वरचं टोक कुठे तरी कायमचं राहून गेलं होतं. पण आले! मी असा ओरडलो की सौ. पोळी तव्यावर टाकून धावत आली. तिचे हात धरून मी खोलीभर नाचलो.

लोक म्हणतात, बाईंच्या रूपाने महाराजच आले होते. मी वाद घालत नाही. मी एवढंच जाणतो, की रागाने सेट फेकून देण्याला मी शरण जाणं समजत होतो. आपलं उणं दारात आलेल्या माणसासमोर उघडं करणं त्याहून कितीतरी अवघड होतं, आणि तेही मला जमलं नाही. ते माझ्याकडून करवून घेतलं गेलं.

पुढच्या गुरुवारी देवळात गेलो. भजनकऱ्यांना म्हटलं, "मला थोडं कमी ऐकू येतं. चुकलो तर हाताने खूण करा." मग महाराजांकडे वळलो आणि त्यांनाही तेच सांगितलं. मृदंगावर थाप पडली, आणि मी टाळ उचलले.