बाबांचा बेंझीनचा धडा

माझे सासरे निवृत्त होईपर्यंत ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. गेल्या वर्षी ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला आले, तेव्हा माझ्या मुलीची ॲरोमॅटिक संयुगांवरची क्लाउझूर, म्हणजे शाळेतली मोठी लेखी परीक्षा, तोंडावर आली होती. बाबा खूश झाले. ती शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर तास सुरू. ते मराठीत शिकवायचे, ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, आणि मधल्या कागदावरच्या आकृत्यांमुळे दोघांचं छान चालायचं. मी शेजारी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचे. बारावीनंतर माझा केमिस्ट्रीशी संबंध उरला नव्हता, तरी त्यांचं एक बोलणं लक्षात राहिलं. "ॲसिड कोण आणि बेस कोण, हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. सल्फ्युरिक समोर आलं की नायट्रिक ॲसिडसुद्धा बेस होतं, त्याच्याकडून प्रोटॉन घेतं."

एका मंगळवारी बेंझीनचं नायट्रेशन चाललं होतं. बाबांनी षट्कोन काढला, नायट्रो गट येऊन चिकटला, षट्कोनाच्या आत अधिकचं चिन्ह आलं. तिथे पेन थांबलं.

"पुढे काय?" त्यांनी विचारलं.

आजोबा परीक्षा घेताहेत असं वाटून मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, प्रोटॉन निघून जातो.

"बरोबर." त्यांनी नवा कागद घेतला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्याच जागी थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, चहा टाकू का?" मला एवढंच सुचलं.

"थांब जरा. हे मी झोपेतसुद्धा शिकवलं असतं." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता.

नवरा कामासाठी ड्युसेलडॉर्फला होता. फोनवर म्हणाला, "वय झालंय गं. प्रवासाचा थकवा असेल." प्रवासाला सात आठवडे उलटले होते. मी बाबांना डॉक्टरांकडे नेलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टकडे जायला सांगितलं. तिथल्या बाईंनी फोनवर चार महिन्यांनंतरची टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, दिली. बाबा पाच आठवड्यांत पुण्याला परत जाणार आहेत, असं मी सांगितलं. "मग तिकडेच दाखवा," त्या म्हणाल्या. आवाजात तुसडेपणा नव्हता. त्यामुळे मला भांडताही येईना.

तास चालूच राहिले. दुपारी घरात कुणी नाही असं समजून बाबा मुलीचं पुस्तक उघडून बसत. जर्मन येत नव्हतं, म्हणून आकृत्यांतल्या बाणांवरून बोट फिरवत पाठ करत. मी दारातून बघायचे आणि मागे फिरायचे. मुलगी शाळेत सगळं शिकून येई आणि घरी न समजल्यासारखं करे.

एकदा ती मला हळूच म्हणाली, "आई, मी नाटक करते ते आजोबांना कळतं."

पेपर चांगला गेला. बाबांनी तिची पाठ थोपटली, पण मार्क विचारले नाहीत.

पुण्यात तपासण्या झाल्या. आजार विसरण्याचाच निघाला, गोळ्यांनी फार तर त्याचा वेग कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. नवरा दोन आठवडे जाऊन आला. आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो. बाबा हवामान विचारतात, जेवण झालं का विचारतात. केमिस्ट्रीचा विषय ते काढत नाहीत. आम्हीही काढत नाही.