स्पीडचा काटा

"मुक्ता, खरंच बरं चाललंय ना गं तिथं?" मी नातीला फोनवर विचारलं. लगेच उत्तर आलं, "आजी, आवाज तुटतोय, तुझं नेट स्लो आहे!" आणि फोन बंद. लग्न होऊन ती बंगळुरूला गेल्यापासून हे तिसऱ्यांदा झालं, आणि दर वेळी नेमक्या ह्याच प्रश्नाला.

मग तिनंच शिकवलेली स्पीड टेस्ट मी लावली. मोबाइलवरचा काटा सरसर चढला आणि उजवीकडे टोकाला जाऊन थांबला. वेग उत्तम.

त्या काट्याकडे बघताना मला एक दीडशहाणी आठवली. नवी नवरी, सासरच्या फोनपाशी उभी, शेजारी सासूबाई गवार मोडत बसलेल्या. आईनं "सुखी आहेस ना?" विचारलं, की ही बया ओरडायची, "आई, ऐकू येत नाहीये गं, खरखर फार आहे!" आणि आपण काय झकास फसवलं म्हणून वर खूश! ती दीडशहाणी मीच. फोन बदलले, थाप तीच राहिली. आईकडे काटा नव्हता, पण ती म्हणायची, "बरं, उद्या पुन्हा करते." आणि करायचीही. तिला सगळं ऐकू येत होतं, हे कळायला मला आजी व्हावं लागलं.

मी पुन्हा फोन लावला. "मुक्ता, स्पीड मोजलाय मी. भरपूर आहे. तू सावकाश बोल."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ.