ठिपके विझले नव्हते

हवामान कार्यालयात तिला सगळे धूरताई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि ती खुशाल ओ देई. केस पांढरे होईपर्यंत तिने एकच काम केलं होतं: उपग्रहाच्या चित्रांत वणव्याचा धूर हुडकायचा. बाई मोठी तिखट. चहा गार झाला तरी चालेल, पण तिच्या स्क्रीनसमोर कुणी येऊन उभं राहिलेलं खपायचं नाही. "काचेचा आहेस का रे तू? सरक!" म्हणून ती साहेबांनाही बाजूला करायची. साहेब निमूटपणे सरकायचे.

डोंगरात वणवा भडकून आठवडा होत आला होता. आग अडवायला गेलेल्या तुकडीचा नायक म्हणजे धूरताईचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यावर त्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हे तिने कुणापासून लपवलंही नव्हतं.

त्या दुपारी नकाशावर गंमतच झाली. जिथे आग, तिथे नकाशावर लाल ठिपका उमटतो. सकाळपासून डोंगरावर गोवर उठावा तसे ठिपके होते. ते बघता बघता नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी पांढराशुभ्र, उंच ढग दिसू लागला. खोलीत एकच गलका झाला. पाऊस धरला! आग विझली! कुणी टाळ्या पिटल्या, कुणी टेबलं बडवली. साहेबांनी लगेच निरोप लिहायला घेतला: आग मंदावली आहे, पावसाची शक्यता आहे, तुकडीने उरलेले निखारे विझवायला दरीत उतरायला हरकत नाही.

"थांबा!" धूरताई ओरडली. "ठिपके विझले नाहीत. झाकले गेलेत."

"ताई, ढग केवढा थंड आहे बघा. पावसाचाच आहे," साहेब म्हणाले.

"या चित्रात थंड आहे. आता त्याच क्षणाचं, पण दुसऱ्या किरणांत टिपलेलं हे बघा. इथे तोच ढग उबदार दिसतो. साध्या पावसाच्या ढगाचं असं होत नाही. धुरावर बर्फ धरला की त्याचे कण पिठासारखे बारीक होतात आणि उन्हात चकाकतात, म्हणून हा असा दिसतो. हा आगीनेच वर फेकलेला ढग आहे, साहेब. याच्या पोटात पाऊस नाही, वीज आहे. आणि हा खाली बसला की वारा कुठूनही सुटेल. दरी म्हणजे चूल होईल नुसती!"

साहेब काही मूर्ख नव्हते. त्यांनी दोन्ही चित्रं नीट पाहिली, मान हलवली, आणि तरीही लेखणी खाली ठेवली नाही. त्या कार्यालयाचा एक नियम होता: लागोपाठच्या दोन वेळांच्या चित्रांत दिसल्याशिवाय धोक्याचा इशारा द्यायचा नाही. खरं तर हा नियम धूरताईमुळेच झाला होता. गेल्या वर्षी तिने एकाच चित्रावरून इशारा दिला, तुकडी मागे फिरली, ढग आपला विरून गेला, आणि मोकळं रान मिळालेल्या आगीने लाकडाची अख्खी वखार खाल्ली.

"पुढचं चित्र येऊ द्या," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षी माझी काय शोभा झाली, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. लाकूड जळलं. माणसं घरी येऊन जेवली."

"ताई, रागावू नका, पण भाऊ तिथे आहे म्हणून तुम्ही घाबरला आहात."

"घाबरलेच आहे! म्हणून काय ढग खोटा ठरतो? आणि तुमचा निरोप पुढच्या चित्राची वाट बघणार आहे का? दरीत उतरायला एक चित्र पुरतं, आणि वर यायला दोन लागतात? हा कुठला न्याय?"

तिने उत्तराची वाट पाहिलीच नाही. तुकडीशी बोलायचा फोन साहेबांच्या टेबलावर असे आणि त्याला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नसे. तिने साहेबांसमोरच तो उचलला.

पलीकडून भावाचा घोगरा आवाज आला. "अगं, आम्ही दरीच्या तोंडाशीच आहोत. इथे छान सावली झालीय."

"ती सावलीच तुमच्या जिवावर उठलीय. पोरं घे आणि माघारी फिर. जळून काळ्या झालेल्या माळावर जा, तिथे पेटायला काही उरलं नाही."

"साहेबांचा हुकूम आहे का?"

"नाही. माझा आहे."

"ताई, गेल्या वेळी लोकांनी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती..."

"मग यंदा काळं तोंड घेऊन ये, पण ये! शिव्या सगळ्या माझ्या नावावर. फिर म्हणते ना!"

फोन बंद झाला. पुढचं चित्र आलं तेव्हा ढगाचा माथा फाकला होता आणि त्याच्या कडेने विजांच्या खुणा उमटल्या होत्या. थोड्याच वेळात वारा उलटला, आणि आग दरीत उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. भावाचा फोन आला तेव्हा तो माळावर होता. मागे गाड्यांच्या भोंग्यांचा कालवा चालला होता. "सगळे आहोत," एवढंच तो बोलला आणि रडू लागला. धूरताईही रडली, मोठ्याने, सगळ्यांदेखत.

मग साहेब खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. त्यांचाही चेहरा उतरला होता. हळूच म्हणाले, "ताई, नियम मोडल्याबद्दल वरून विचारणा होणारच. मी सांगतो, माझ्या परवानगीने इशारा दिला. तुमच्यावर काही येणार नाही."

मनातून माणूस भला होता. तिने डोळे पुसले.

"नको साहेब. परवानगी नसताना दिला, असंच सांगा. उद्या या खुर्चीत दुसरी कुणी बसेल. असाही इशारा देता येतो, हे तिला कळायला हवं."