नराच्या यकृतातलं झोपलेलं जनुक

नदीच्या घाटावर मासे विकत बसलेल्या भोईणीनं रोहूचं पोट दाबून दाखवलं. "आजी, गाभोळीचा हाय, अंड्यांनी भरलेला. नातीला डोहाळं लागल्यात न्हवं?"

मी माशाकडे बघत राहिले. नुसत्या पोटावरून नर-मादी ओळखते, असा तरुणपणी माझा काय तोरा होता! जणू देवानं त्यांना घडवताना मलाच विचारलं होतं. आता मत्स्यशास्त्र शिकलेली तीच नात सांगते, "आजी, अंड्यातला बलक बनवण्याचं जनुक नराच्या यकृतातही असतं, पण झोपलेलं. सांडपाण्यातून स्त्री-संप्रेरकासारखी रसायनं आली की ते जागं होतं." नर बिचारा कधी न घालायच्या अंड्यांची तयारी करत पोहत राहतो, आणि वरून खवले तसेच चकचकीत.

पलीकडे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा नाला नदीला मिळत होता. पाणी अगदी निवळ. हल्ली मला गढुळापेक्षा निवळ पाण्याचाच संशय येतो. न विचारता ते कुणाकुणाच्या आत जाऊन काय जागं करत असेल? नातीच्या पोटातलं तर अजून पुरतं घडलेलंही नाही.

"घेताय न्हवं?"

"तुझ्या सुनेलाही दिवस गेलेत ना गं? तिला यातलाच घालतेस?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं, माशावर ओलं पोतं ओढलं. "तिला आमी मळ्यातल्या तळ्याचा आणतो."

"मग माझ्या नातीलाही तिथलाच आण, बये."