अण्णांच्या डिझाइन्स आणि दुसरी विंडोज

साठ टक्क्यांवर लाइट गेली.

पंखा थांबला आणि यूपीएस टीं टीं करायला लागला. यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर काही मिनिटं चालू ठेवणारी बॅटरी. अंबादासअण्णांच्या ऑफिसातली ही बॅटरी किती जुनी होती, देव जाणे.

अण्णांचा चादरींचा कारखाना. चादरीवरची नक्षी ते कॉम्प्युटरवर काढतात, आणि ते सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं. नव्या गिऱ्हाइकांच्या कामाला मात्र नवी विंडोज हवी. म्हणून हार्ड डिस्कवर वेगळं पार्टिशन पाडून मी तिथं नवी विंडोज टाकणार होते. खोलीत भिंत घालून दुसरी खोली काढावी, तसं. पण त्यासाठी आधीचं सामान सरकवावं लागतं, आणि ते साठ टक्के सरकलं होतं. सरकवताना मशीन बंद पडलं, तर निम्मं इकडं, निम्मं तिकडं, आणि धड काहीच सापडत नाही.

"अण्णा, सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडला ना आपण? कामात अडथळा नको म्हणून?"

"व्हय की. शुक्रवारी लाइट जाते, म्हणून तर सुट्टी असते!"

मी राहते जुळे सोलापुरात, कारखान्यांपासून लांब. आमच्याकडं शुक्रवार म्हणजे नुसता शुक्रवार.

"आणि बॅकअप? सकाळी 'हाय' म्हणालात तो?"

"हितंच हाय की, डी ड्राइव्हमधी. दुसऱ्या फोल्डरला."

"अहो, डी ड्राइव्हच तर सरकतोय! त्याच डिस्कवर कसला बॅकअप, अण्णा?"

अण्णांचा चेहरा उतरला. "बाई, वडलांची डिझाइन्स पण त्यातच हायत. कागद वाळवीनं खाल्ले."

काम मधेच थांबवणं म्हणजे सगळं घालवणं. सदुसष्ट टक्के. टीं टीं भराभर वाजायला लागलं.

"वर घरात इन्व्हर्टर आहे का?"

"हाय!"

"मग वायर सोडायला सांगा. पळा!"

अण्णा जिन्यातून तेलुगूत ओरडले. त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, गॅलरीतून एक्स्टेन्शन खाली सोडलं. खिडकीतून आत घेतलं, तर दोन हात कमी पडलं. मी कपाळावर हात मारला. तोवर कमलाबाई मिक्सरला लावलेली एक्स्टेन्शनची वायर घेऊन जिना उतरल्याही होत्या. दोन्ही जोडल्या. घाईत मला यूपीएसची पिन बोर्डात बसवता येईना. शेवटी कमलाबाईंनीच बसवली.

टीं टीं थांबलं. चौऱ्याहत्तर टक्के.

नव्याण्णववर तर मेलं हलायलाच तयार नव्हतं. मी स्क्रीनकडं बघत होते आणि अण्णा माझ्याकडं. एकदाचं झालं. नवी विंडोज बसली. मशीन सुरू करताना दोन विंडोजची दोन नावं आली. मी जुनी निवडली. अण्णांनी वडिलांचा मोर उघडला. अख्खा होता, पिसाऱ्यासकट. अण्णांनी डोळे पुसले.

मग मी बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची कॉपी घेतली. अर्धा तास लागला. हा अर्धा तास सकाळी घातला असता, तर एवढा घोर लागलाच नसता. पार्टिशनला हात लावण्याआधी कॉपी स्वतः घ्यायची, हे मी क्लासमध्ये शिकवते. त्या दिवशी मला घाई होती, आणि गिऱ्हाइकाच्या 'हाय'वर मी विसंबले.

कमलाबाईंनी जेवूनच जा म्हणून बसवलं. "तुमी होता म्हणून वाचलं, बाई," अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी खाली मान घालून जेवले. धोक्यात मीच घातलं होतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.